सतराव्या मिनिटाची हाक

लेनी ओल्ड्रॉइड दारातून आत आला की माणसं ओठांवर बोट ठेवून "शू!" करायची. हात मिळवणं मग, चहा त्याच्याही मग, आधी शू. इंग्लंडातल्या बॅटली गावच्या कामगार क्लबाच्या माडीवर दर ऑक्टोबरात 'ग्रेव्हलिंग पॉइंट'च्या चाहत्यांचा मेळा भरायचा आणि चाळीस वर्षं तिथे हाच रिवाज होता. कुणी तो "शू!" टी-शर्टवर छापून आणायचं, कुणी मगावर. एका बाईने तर एका वर्षी केकवर साखरेने लिहून आणला होता आणि पहिला तुकडा लेनीला भरवला होता. लेनी हसायचा. हसण्याची त्याने इतकी सवय करून घेतली होती की गाल आपले आपण वर जायचे. अडुसष्ट वर्षांचा, निवृत्त पोस्टमन, बायको नाही, पोर नाही. उभ्या जन्मात त्याला मान मिळाला तो एवढ्या एका जागी, आणि तोच त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

'ग्रेव्हलिंग पॉइंट' म्हणजे समुद्राकाठच्या एका हवामानकेंद्रातली माणसं आणि पाण्यातून वर येणारं काहीबाही. नऊ वर्षं चालली ती मालिका. पण पहिल्या वर्षाचे बारा भाग कंपनीने पुसून टाकले. टेप महाग होती, एकावर दुसरा कार्यक्रम घ्यायची पद्धत होती, आणि पोरासोरांच्या मालिकेसाठी पुढे म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी आणतील हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येणार? पाचांच्या फिल्मप्रती पुढे परदेशात सापडल्या, बाकीचे सात भाग कायमचे गेले. त्या सातांतला तिसरा सगळ्यांत गाजलेला. त्याचं चित्र नव्हतं, पण आवाज होता. कारण १९६६ च्या नोव्हेंबरात बॅटलीतल्या एका अकरा वर्षांच्या पोराने टीव्हीपुढे माइक धरून तो टेप केला होता.

त्या टेपच्या नकला जगभर गेल्या. आणि प्रत्येक नकलेत सतराव्या मिनिटाला लांबून एका बाईचा आवाज येतो, "लेनी! ए लेनी!" मग माइकच्या अगदी जवळ एक पोर दबक्या रागाने म्हणतं, "शू!" पाठोपाठ दार लागल्याचा आवाज. दार मालिकेतलं, असं सगळे धरून चालले होते. चाहत्यांनी त्या भागाची जी संहिता ऐकून ऐकून लिहून काढली होती, तिच्यात कंसात नोंद होती: लोखंडी दार बंद होतं. आई जेवायला हाक मारते आणि मालिकावेडं पोर तिला गप्प करतं, यापेक्षा गोड गोष्ट चाहत्यांना दुसरी कुठली वाटणार? त्यातल्या प्रत्येकाने आपापल्या आईला कधी ना कधी असंच गप्प केलेलं होतं.

पण दार मालिकेतलं नव्हतं.

ओल्ड्रॉइडांचं घर एकमेकांना पाठ लावून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीतलं. खाली एकच खोली, तिच्यातच चूल, तिच्यातच टीव्ही आणि कोपऱ्यात तळघराचं दार. कोळसा तळघरात. त्या संध्याकाळी वडील बसवर ड्यूटीला गेले होते. आई बादली घेऊन कोळसा आणायला खाली उतरली आणि दार उघडं राहिलं. काहीतरी धप्पकन पडलं. मग हाक आली. लेनीने "शू!" केलं. हाक टेपमध्ये येऊ नये म्हणून तो चवड्यांवर चालत गेला, दार लावलं आणि परत येऊन माइक धरला. अजून आठ मिनिटं होती. नावं वर सरकून संपेपर्यंत तो बसला. मग टेप गुंडाळली, खोक्यावर सुबक अक्षरात भागाचा क्रमांक आणि तारीख घातली, आणि त्यानंतर दार उघडलं.

ती पायऱ्यांच्या तळाशी होती. तेव्हा हाका थांबलेल्या होत्या.

चौकशीत डॉक्टरांनी सांगितलं, डोकं आपटलं, जागीच गेली असणार. पोराला विचारलं, तू काही ऐकलंस का? पोर म्हणालं, नाही. एवढंच. वडिलांनी तो "जागीच" हा एक शब्द घट्ट धरून ठेवला आणि त्याच्या आधारावर पुढची पंचवीस वर्षं काढली. कोळसा लागत नाही असं नगरपालिकेचं घर त्यांनी घेतलं. दर रविवारी थडग्यावर फुलं ठेवून परत येताना ते म्हणायचे, "तिला काही कळलंसुद्धा नाही रे पोरा. तेवढी तरी देवाने दया केली." आणि लेनी म्हणायचा, "हो, बाबा." १९९१ साली ते गेले ते ही दया उराशी धरूनच.

मग ती टेप त्याने लोकांना दिली कशाला? हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. लेनी अठ्ठावीस वर्षांचा असताना नवीनच निघालेल्या चाहता मंडळाचा चिटणीस दारात येऊन उभा राहिला. डग्लस ऊर्फ डगी हिंचलिफ, भूगोलाचा मास्तर, आवाज असा की दुसऱ्या गल्लीतल्या पोरांनी पाढे म्हणायला लागावं. तिसरा भाग जगात कुणाकडेच नाही, अगदी आवाजसुद्धा नाही, असं तो म्हणाला तेव्हा लेनीच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे आहे." इतकी किंमत देऊन आणलेली वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडावी, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. डगीने तिथेच, समोर दुसरा रेकॉर्डर ठेवून नक्कल केली. ती वाजत होती तेवढा वेळ लेनी स्वयंपाकघरात नळ सोडून उभा होता. त्या नकलेच्या नकला निघाल्या, त्यांत बारीकसारीक आवाज विरून गेले. एक हाक तेवढी त्यात शिल्लक राहिली. लोक तिच्यावर असे लुब्ध होतील, तिचा खेळ करतील, हे मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मूळ टेप त्याने कपाटात वर, बुटांच्या खोक्यात टाकली, आणि स्वतः ती कधीच ऐकली नाही.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. तिसऱ्या भागाची फिल्म कुठेतरी सापडावी. फिल्म सापडली की तिच्यासोबत स्वच्छ आवाज येईल, मग त्याची टेप कुणाला लागणार? लोक ती विसरतील. आई सुटेल. चाळीस वर्षं त्याने सुट्ट्या त्यात घातल्या. परदेशातल्या टीव्ही केंद्रांना पत्रं लिहिली, जुन्या बाजारांत गंजके डबे उघडले, मेलेल्या संग्राहकांच्या बायकांबरोबर चहा प्यायला. मंडळात सगळे म्हणायचे, लेनीसारखं मालिकेवर प्रेम कुणाचं नाही. खरं सांगायचं तर त्या मालिकेचा त्याच्याइतका द्वेष जगात कुणी केला नसेल.

मार्चमधल्या एका सकाळी डगीचा फोन आला. "लेन, बसलायस ना? बस आधी. ग्रिम्सबीला एक बाई आहे. नवरा गेला. गॅरेजात डबे. एका डब्यावर 'ग्रे. पॉ. तीन' लिहिलंय!"

"कुणाची तरी थट्टा असेल."

"अरे, मी ऐंशीला टेकलो, मला आता थट्टा झेपते का? गाडी काढ!"

लेनीने गाडी काढली. वाटेत डगीची अखंड बडबड चालली होती आणि लेनीच्या छातीत कितीतरी वर्षांनी काहीतरी सैल होत होतं. गूल गावापाशी थांबून दोघांनी पोर्क-पाय, म्हणजे मांस भरलेली कचोरी, खाल्ली, आणि लेनीला तिची चव लागली. गंगेत घोडं न्हालं, असं त्याला वाटलं.

मिसेस स्टॅनिफोर्थ हातात रबरी मोजे घालूनच दारात उभ्या होत्या. "नाक धरा बरं का," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा संसार कुजलाय." गॅरेजचं दार वर गेलं आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की डगी म्हणाला, "व्हिनेगर झालं, आता तळलेली मासळी आणि बटाटे तेवढे राहिले." पण त्याच्याही डोळ्यांतून पाणी आलं. वीस-बावीस डबे होते आणि प्रत्येकाच्या कडेने चिकटपट्टीचे चार-चार वेढे दिलेले. असले संग्राहक भित्रे असतात. कंपनीची माणसं येऊन उचलून नेतील म्हणून कुणाला पत्ता लागू देत नाहीत, आणि वारा लागू नये म्हणून डबे सीलबंद करतात. फिल्मला मात्र वारा लागतो. तिच्यातून आंबट वाफ निघते, ती डब्यातच कोंडली की फिल्म स्वतःच्या वाफेने स्वतःला खाते.

"चाळीस वर्षं मलाही हात लावू दिला नाही," मिसेस स्टॅनिफोर्थ म्हणाल्या. "इतकं जपलं, इतकं जपलं, की शेवटी मेलंच ते. मोकळं ठेवलं असतं तर राहिलं असतं, हो ना?"

"हो," लेनी म्हणाला.

तिसऱ्या भागाचे दोन डबे होते. पहिल्यातली फिल्म आकसलेली, कडांना वेडीवाकडी झालेली, पण चित्र शाबूत होतं. डगीने ती उजेडाकडे धरली आणि लहान पोरासारखा हुंदका दिला. दुसऱ्या डब्यात तपकिरी भुगा आणि चिकट काळा गोळा एवढंच होतं.

"हे काय?" लेनीने विचारलं.

डगीने त्या गोळ्याला बोट लावून पाहिलं. "ही परदेशी विकायची प्रत आहे, लेन. तिकडे त्यांच्या भाषेत आवाज भरायचा असायचा, म्हणून चित्र एका रिळावर आणि आवाज वेगळ्या रिळावर. आवाजाचं रीळ आधी कुजतं." मग त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. त्याने लेनीच्या खांद्यावर असा हात मारला की लेनी दाराच्या चौकटीवर गेला. "पण आवाज आहे ना! आपल्याकडे आहे! चित्र ह्यांच्याकडे, आवाज तुझ्याकडे. अरे लेका, जोडी वरून जमून आलीय! तुझी मूळ टेप आहे ना रे अजून?"

 सुटका म्हणून लेनीने चाळीस वर्षं जिची वाट पाहिली ती फिल्मच आता आईच्या हाकेला त्या चित्राशी कायमची बांधायला आली होती. आता ती हाक सभागृहात ऐकू येणार, दुकानात मिळणार, जगबुडीपर्यंत वाजणार.

"शोधावी लागेल," तो म्हणाला.

पुढचे दोन महिने त्याने टोलवाटोलवी केली. टेप सापडत नाही. सापडली, पण ओल लागलीय. डगी दर चार दिवसांनी फोन करायचा. आधी लाडीगोडी, मग विनवण्या, शेवटी एकदा चिडून म्हणाला, "तू त्या ग्रिम्सबीच्या बाबासारखा होऊ नकोस, लेन. तोही जपतच बसला होता." एका दुपारी लेनीने टेप अंगणात नेली, बादलीत ठेवली आणि काडी पेटवली. काडी बोटापर्यंत जळत आली. पण त्याचा हात काही पुढे होईना. नकलांच्या नकला सोडल्या तर जगात आईचा आवाज होता तो त्या एवढ्याच टेपमध्ये.

म्हणून त्याने तिसरीच वाट काढली. डगीला न सांगता तो लीड्सला गेला. मंडळाने जिला आवाजाचं काम दिलं होतं ती टॅम्सिन हेस्केथ तिथे एका जुन्या गिरणीत बसायची. पस्तिशीची, कमी बोलणारी बाई. त्याने खोकं तिच्या टेबलावर ठेवलं.

"एक अट आहे," तो म्हणाला. "सतराव्या मिनिटाची हाक काढून टाकायची. आणि ते 'शू'सुद्धा."

"लोक माझं डोकं फोडतील, मिस्टर ओल्ड्रॉइड."

"फोडू द्या. जमेल का, ते सांगा."

"जमेल. हल्ली सगळं जमतं." तिने टेप हातात घेतली, खोक्यावरचं ते पोरवयातलं सुबक अक्षर पाहिलं. "पुढच्या मंगळवारी या."

मंगळवारी तो गेला तेव्हा तिने चहा आधीच करून ठेवला होता, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"तुम्ही ही टेप हल्ली ऐकलीय?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तिने मग त्याच्यावर नजर रोखली. "चित्र लावून पाहिलं मी. सतराव्या मिनिटाला तिथे दार नाहीये. सगळ्या भागातच लोखंडी दार नाहीये. म्हणून मग मालिकेचा आवाज बाजूला केला आणि मागे काय उरतं ते ऐकलं. दार तुमच्या घरातलं आहे. आणि हाका पाच आहेत. एक दाराच्या आधी, चार दाराच्या मागून. मी काढू शकते. पाचही. कुणाला कळणार नाही. पण तुम्हाला विचारल्याशिवाय मला ते करवेना."

लेनीने कप खाली ठेवला.

"ऐकवा," तो म्हणाला. "चित्र नको. नुसतं तेवढंच."

तिने कळ दाबली. आधी धप्प आवाज. मग, "लेनी! ए लेनी!" मग "शू!" आणि दार. त्यानंतर खोल खालून, पाण्यातून बोलावं तसा आवाज आला, पण शब्द स्पष्ट होते.

"लेनी, खाली ये जरा, बाळा."

मग बराच वेळ काही नाही.

"पाय हलत नाहीये रे माझा."

आणखी बराच वेळ.

"लेनी, संपलं का रे तुझं?"

आणि अगदी शेवटी, नावं सरकत असताना, नुसतं, "लेनी."

टॅम्सिनने यंत्र बंद केलं. लेनीने ते तेव्हाही ऐकलं होतं. सगळं. आज ते त्याला कळलं. सत्तावन्न वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की एकच हाक आली, जेवायची असेल असं वाटलं. पण माइक धरून बसलेल्या त्या पोराने पाचही हाका ऐकल्या होत्या आणि पाचही वेळा पडद्याकडे बघितलं होतं.

"तिला माहीत होतं," तो म्हणाला. "माझं टेप करणं चाललंय हे तिला माहीत होतं. संपलं का, विचारत होती. माझं संपायची वाट बघत होती ती, अंधारात, कोळशात पडून. टेप बिघडेल म्हणून पुढे ओरडलीसुद्धा नाही."

"तुम्ही अकरा वर्षांचे होतात."

"तेव्हा होतो. मग बारा वर्षांचा झालो, मग वीस, मग चाळीस. बाबांना सांगायला पंचवीस वर्षं होती माझ्याकडे."

तिने समजूत काढली नाही, याबद्दल तो पुढे तिचे आभार मानत राहिला. ती एवढंच म्हणाली, "मग काढू का?"

लेनीने डोळे पुसले. एका हाकेला त्याने स्वतः गप्प केलं होतं. उरलेल्या चार दाराआड राहिल्या, आणि चौकशीत "नाही" म्हणून त्याने त्या दुसऱ्यांदा दाराआड केल्या. आता या भल्या बाईने कळ दाबली की आई कधी बोललीच नव्हती असं होणार. तिसऱ्यांदा त्याला ते जमेना. कितीही लाज वाटली तरी जमेना.

"नका काढू," तो म्हणाला. "उलट पाचही ऐकू येतील असं करा. पहिलीइतकीच स्पष्ट."

"मंडळाला आधी सांगणार ना तुम्ही?"

"ऐकतीलच की ते."

ऑक्टोबरातल्या शनिवारी दुपारी क्लबाच्या माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जपानहून एक जोडपं आलं होतं. लेनी जिना चढून वर आला तेव्हा अडीचशे माणसांनी एकदम ओठांवर बोटं ठेवली. "शू!" डगी नव्या कोटात, डोळ्यांत पाणी, त्याला हाताला धरून पुढच्या रांगेत घेऊन गेला. "तुझ्यामुळे रे, लेका," तो परत परत म्हणत होता. "सगळं तुझ्यामुळे."

दिवे गेले. पडद्यावर समुद्र आला, करडा, थोडा आकसलेला, आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. लेनीने ते चित्र १९६६ नंतर आजच पाहिलं. पंधरा मिनिटं तो नीट बघत होता. बरी मालिका होती. वाईट नव्हती.

सतरावं मिनिट जवळ आलं तशी सभागृहात चुळबुळ सुरू झाली. लोकांनी बोटं तयार ठेवली. लेनीला त्या क्षणी पडद्यावर काय होतं ते बघायचं होतं. कशासाठी तो उठला नाही, ते. इतक्या वर्षांत त्याने मनात त्या आठ मिनिटांचा डोंगर करून ठेवला होता. समुद्रातून काहीतरी वर येत असणार, कुणीतरी मरत असणार, नजर काढताच येऊ नये असं काहीतरी.

दोन माणसं एका बोळात उभी होती. लिफ्टची वाट बघत. मागची भिंत पुठ्ठ्याची, तिच्यावर माइकची सावली हलत होती. एकाने घड्याळ पाहिलं. दुसरा म्हणाला की आज गारठा आहे. बस. याच्यासाठी.

"लेनी! ए लेनी!"

"शू!" अडीचशे माणसांचं एकदम, आणि मग हास्याचा स्फोट, टाळ्या, शिट्या. दार लागलं. पडद्यावर दार नव्हतंच. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, दार कुठाय?"

"लेनी, खाली ये जरा, बाळा."

लोक पुन्हा हसले. नवीन हाक! काहींनी परत "शू!" केलं. डगीने आनंदाने लेनीची मांडी थोपटली.

"पाय हलत नाहीये रे माझा."

एक-दोघं हसली आणि थांबली. मागे एक बाई "काय म्हणाली ती?" असं विचारताना ऐकू आली. बोटं ओठांवरून खाली यायला लागली. पडद्यावर लिफ्ट आली, माणसं आत शिरली, आणि कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"लेनी, संपलं का रे तुझं?"

आता सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. डगीचा हात लेनीच्या मांडीवर तसाच राहिला होता, जड, विसरलेला. लेनी उठला. मागच्या प्रोजेक्टरचा उजेड त्याच्या पाठीवर पडला आणि त्याची सावली पडद्यावर गेली.

डगीला अजून काही उमगलं नव्हतं, किंवा उमगायला नको होतं. त्याने लेनीची बाही धरली. "बस ना, लेन," तो कुजबुजला. "थोडंच राहिलंय. संपू दे की."

"नको," लेनी म्हणाला. त्याने बाही हळूच सोडवून घेतली. "आई हाक मारतेय."

रांगेतल्या माणसांनी पाय आत घेऊन त्याला वाट दिली. एकही जण त्याच्याकडे बघू शकला नाही. दार उघडून तो जिन्यात आला तेव्हा मागून शेवटची हाक आली, नुसतं नाव, आणि त्याने दार लावलं नाही. उघडंच ठेवलं. कठडा धरून, एकेक पायरी बघत, तो खाली उतरत गेला, आधी उतरायला हवं होतं तसा. खाली कुणी नव्हतं. एक रिकामं टेबल होतं, छत्र्या होत्या, आणि बाहेर दुपारचा उजेड होता.

तो शेवटच्या पायरीवर बसला. "आलो," तो म्हणाला. "संपलं माझं."